गावतलावाचा मातीचा बांध: दिवाळी ते पावसाळा तपासणी आणि दुरुस्तीचा बरोबर क्रम

मातीच्या बांधाची गळती दिसते तलाव भरलेला असताना, आणि ती दुरुस्त करता येते तलाव आटल्यावर. नेमके इथेच गावे चुकतात. मे महिन्यात श्रमदान ठरते, त्या वेळी बांधाची खालची (पाण्याच्या विरुद्ध) बाजू कोरडी ठणठणीत असते, पाणी कुठून झिरपत होते ते कुणाला आठवत नाही. मग बांधावरची झुडपे वरवर छाटली जातात, माथ्यावर मुरूम पडतो, बाके बसतात, आणि जाता जाता सांडव्यावर (जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर) दोन थर पोती रचून ‘यंदा फूटभर पाणी जास्त साठवू’ असेही ठरते. एवढ्या कष्टांनंतर बांध आधीपेक्षा धोक्यात आलेला असतो.

हा लेख १० मीटरपेक्षा कमी उंचीच्या मातीच्या बांधांसाठी आहे: गावतलाव, पाझर तलाव, लहान साठवण तलाव, जिथे गावाचे पाणी साठते आणि संध्याकाळी माणसे फिरायला, पोरे पोहायलाही येतात. केंद्राचा धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि १० ते १५ मीटरमधल्या, लांबी-साठ्याच्या काही अटींत बसणाऱ्या धरणांना लागू होतो. त्याहून लहान बांध त्या चौकटीत येत नाहीत, म्हणून त्यांच्यावर गावाची नजर असणे जास्तच गरजेचे आहे. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तक्रारीसोबत जागा, तारीख आणि मोजमाप असेल तर ती टाळणे अवघड जाते. ते मोजमाप कसे ठेवायचे तेही खाली येईलच.

## १. कागद, परवानगी आणि माणसे (सप्टेंबर)

आधी तलाव कुणाच्या ताब्यात आहे ते पाहा. महाराष्ट्रात १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेच्या योजना साधारणपणे जिल्हा परिषदेकडे आणि त्यापुढे ६०० हेक्टरपर्यंतच्या मृद व जलसंधारण विभागाकडे असतात. ग्रामपंचायतीकडे हस्तांतर झाले असेल तर त्याचा कागद हवा. बांधाला हात लावण्याआधी संबंधित कार्यालयाची लेखी संमती घ्या. तपासणीला संमती लागत नाही, खोदकामाला लागते.

मागायचे कागद चारच: बांधाचा आडवा छेद, सांडव्याची लांबी आणि उंची, पूर्ण संचय पातळी (तलाव पूर्ण भरल्यावरची) व पूर पातळी, आणि विमोचकाची (बांधाखालून पाणी सोडणाऱ्या झडपेच्या नळीची) जागा. आडवा छेद हा सर्वांत उपयोगाचा. आपल्याकडच्या बहुतेक बांधांत मध्ये काळ्या किंवा चिकण मातीचा गाभा आणि बाहेरून मुरमाचे आवरण असते. गाभा पाणी अडवतो, आवरण गाभ्याला धरून ठेवते. कुठली माती कुठे आहे हे न कळता केलेली दुरुस्ती बहुधा उलटी पडते. कागद सापडत नसतील तर बांध बांधताना मजुरीला गेलेले कुणी गावात असेल त्याला गाठा. जुना नाला कुठून जात होता, पायाचा चर कुठे खडकाला लागला आणि कुठे लागला नाही, हे असा माणूस जागेवर उभा राहून दाखवतो. जुना नाला बांधाखालून जिथे जातो तिथेच भराव सर्वांत उंच असतो आणि गळतीही बहुधा तिथेच निघते.

सोबत गवंडी, तलावात मासेमारी करणारा एक जण आणि वही लिहिणारा एक जण घ्या. सामान साधे: ३० मीटरचा टेप, गवंड्याचा लेव्हलचा पाइप, लाकडी खुंट्या, चुना, रंग, काचेच्या दोन-तीन बाटल्या, १० लिटरची बादली, घड्याळ असलेला फोन.

बांधाच्या एका टोकापासून दर ३० मीटरवर दगडावर रंगाने आकडा घाला: ०, ३०, ६०, असे. हाच साखळीचा आकडा. वहीतली प्रत्येक नोंद या आकड्यावरून व्हायला हवी. ‘वडाच्या समोर ओल आहे’ ही नोंद पुढच्या वर्षी कामाची नाही. ‘१२० पासून ४ मीटर पुढे, पायथ्यापासून २ मीटर वर’ ही आहे. याच वेळी सांडव्याच्या किंवा विमोचकाच्या पक्क्या बांधकामावर रंगाने पट्टी आखून पाण्याची पातळी वाचायची सोय करा.

## २. भरलेल्या तलावाची फेरी (ऑक्टोबर ते दिवाळी)

ही फेरी चुकली तर वर्ष गेले. पाऊस थांबून आठ-दहा दिवस झाले की करा, म्हणजे पावसाची ओल निघून जाते आणि उरते ती तलावाची. सकाळी लवकर निघा. तिरप्या उन्हात ओली जागा चमकते, भरावाला आलेले फुगवटेही दिसतात.

सुरुवात माथ्यावरून करू नका. आधी खालच्या बाजूचा पायथा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला, मग परत येताना उताराच्या मध्यावरून, आणि शेवटी माथ्यावरून. गवत वाढलेले असेल तर आधी कापून घ्या. गुडघाभर गवतात गळती दिसत नाही, पायाला मात्र कळते. अनवाणी चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ती आधी लागते ती त्यामुळेच.

पाहायचे काय? आजूबाजूला गवत पिवळे पडत असताना एखाद्याच पट्ट्यात हिरवेगार असणे. भरावावर लव्हाळा किंवा पाणकणीस उगवणे. तांबूस, तेलकट तवंगाचे डबके. पायाखाली स्पंजासारखी दबणारी जमीन. आणि जिथे पाणी बाहेर येते तिथे बारीक मातीचा वर्तुळाकार ढीग. हा शेवटचा प्रकार सर्वांत वाईट, कारण पाणी बांधाच्या आतली माती घेऊन बाहेर पडत असल्याची ती खूण आहे.

प्रत्येक ओल्या जागेवर खुंटी ठोका, तिच्यावर क्रमांक घाला. वाहते पाणी असेल तर ते काचेच्या बाटलीत घ्या आणि बाटली तासभर हलवू नका. पाणी स्वच्छ राहिले आणि तळाला काही बसले नाही तर तो पाझर आहे. मातीच्या बहुतेक बांधांना थोडा असतो आणि त्याने लगेच घाबरायचे कारण नाही. तळाला गाळाचा थर बसला तर त्याच दिवशी शाखा अभियंत्याला कळवा, बाटली जपून ठेवा, तिच्यावर तारीख लिहा. असा बाटलीतला गाळ कार्यालयात टेबलावर ठेवला की चर्चा लवकर संपते.

मग मोजमाप. छोटा चर काढून पाणी एका पाइपातून पडेल असे करा आणि बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. १० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली तर गळती मिनिटाला १५ लिटर. शेजारी त्या दिवशीची तलावाची पातळी लिहा. दर पंधरा दिवसांनी हेच करा. पातळी उतरते तशी गळतीही कमी होत गेली पाहिजे. पातळी तीच असताना गळती वाढली, किंवा पातळी उतरूनही ती कमी होत नसली, तर आतली वाट रुंदावते आहे असे समजा.

विमोचकाच्या नळीभोवती जास्त वेळ द्या. माती आणि काँक्रीट, किंवा माती आणि लोखंडी नळी, यांच्या सांध्यात धुम्मस (माती ठोकून घट्ट करणे) नीट बसत नाही, म्हणून पाणी नळीच्या बाहेरून, तिला लागून चालू लागते. नळीतून वाहणारे पाणी आणि नळीच्या बाजूने येणारे पाणी वेगळे ओळखा: झडप पूर्ण बंद करा, नळीचे तोंड कोरडे होऊ द्या, मग तोंडाच्या कडेला ओल येते का ते पाहा. विमोचकाच्या बरोबर वर माथ्यावर खळगा दिसला तर तो ट्रॅक्टरच्या चाकाने झाला असे गृहीत धरू नका. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हाही विमोचकावरचाच भराव खचला होता.

पडताळणी: या फेरीअखेर वहीत प्रत्येक ओल्या जागेचा क्रमांक, साखळीचा आकडा, गळतीचे मोजमाप, पाण्याचा रंग आणि तलावाची पातळी असावी. खुंट्या एप्रिलपर्यंत उपटू देऊ नका. गुराख्यांना सांगून ठेवा.

सर्वांत मोठी चूक: पाणी बाहेर येते त्या जागेवर सिमेंट, चिकण माती किंवा प्लास्टिक दाबणे. त्याने गळती थांबत नाही. पाणी आत कोंडते, दाब वाढतो आणि ते दुसरी, कमकुवत जागा शोधते. खालच्या बाजूला पाण्याला वाट द्यायची, फक्त माती अडवायची. अडवणारे काम पाण्याकडच्या बाजूने करायचे असते.

### मधल्या काळातली एक चाचणी

तलाव लवकर आटतो अशी तक्रार असेल तर जानेवारी ते एप्रिल या काळात एकदा दहा दिवस विमोचक बंद, मोटारी बंद ठेवून पातळी मोजा. एप्रिलच्या उन्हात पठारी भागात नुसत्या बाष्पीभवनाने दिवसाला साधारण ८ ते १० मिलिमीटर पाणी उडते, म्हणजे दहा दिवसांत ८ ते १० सेंटिमीटर. थंडीत त्याहून बरेच कमी. पातळी २५ सेंटिमीटर उतरली तर उरलेले पाणी जमिनीतून किंवा बांधातून जाते आहे. पाझर तलावाला हा हिशेब लावू नका. त्याचे काम पाणी मुरवणे आणि खालच्या विहिरी भरणे हेच आहे. तिथे फक्त बांधातून आणि पायथ्यातून येणाऱ्या पाण्याची चिंता करायची.

साठा किती याचा अंदाज हवा असेल तर पाण्याचे क्षेत्र गुणिले सर्वाधिक खोली गुणिले ०.४ करा. एक हेक्टर पसरलेला, पाच मीटर खोल तलाव म्हणजे सुमारे २० हजार घनमीटर, दोन कोटी लिटर. बांध फुटला तर हे सगळे पाणी थोड्याच वेळात खाली जाते, हे ग्रामसभेत एकदा मोठ्याने सांगा.

## ३. उतरलेल्या तलावाची फेरी (एप्रिल)

आता पाण्याकडची बाजू उघडी पडते. दगडी पिचिंग (उतारावर रचलेले दगडांचे अस्तर) कुठे ढासळले, कुठे दगडांखालची माती लाटांनी धुऊन पोकळी झाली, ते पहारीने ठोकून पाहा. पोकळ जागा आवाजाने कळते. खेकड्यांची, घुशींची बिळे, साळिंदराची भगदाडे, वारुळे, सगळ्यांची नोंद साखळीच्या आकड्यासह. दिवाळीत ठोकलेल्या खुंटीच्या बरोबर समोर, पाण्याकडच्या बाजूला बीळ किंवा खळगा सापडला तर गळतीचे तोंड बहुधा तेच.

भेगांचे तीन प्रकार असतात आणि ते एकमेकांत मिसळू नका. काळ्या मातीला उन्हाने पडणाऱ्या जाळीदार, वीतभर खोल भेगा या नेहमीच्या. माथ्यावरून बांधाच्या लांबीला समांतर जाणारी, दोन्ही टोकांना खाली वळणारी आणि एक कड खाली बसलेली भेग म्हणजे उतार घसरू लागला आहे. आणि पाण्याकडून खालच्या बाजूकडे बांधाला आडवी जाणारी भेग ही पाण्याला तयार वाट. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला स्वतः हात लावू नका. वर ताडपत्री टाकून आत पाऊस जाणार नाही असे करा, दोन्ही कडांना खुंट्या ठोकून त्यांतले अंतर दर आठवड्याला मोजा आणि अभियंत्याला बोलवा.

शेवटी लेव्हलच्या पाइपाने माथ्याची उंची दर ३० मीटरवर मोजा आणि सांडव्याच्या माथ्याशी तुलना करा. सरासरी काढू नका. बांधाची उंची म्हणजे त्याच्या सर्वांत खचलेल्या जागेची उंची, कारण पाणी तिथूनच ओलांडणार. गावाची पायवाट जिथे बांध चढते तिथे हमखास अर्धा-पाऊण फूट कमी निघतो.

इशारा: दुरुस्तीसाठी तलाव घाईने रिकामा करू नका. भराव आतून भिजलेला असतो; समोरचे पाणी झपाट्याने उतरले की त्याचा आधार जातो आणि पाण्याकडचा उतार घसरतो. दिवसाला फूटभरापेक्षा जास्त उतरवायचे नाही.

## ४. पहिली दुरुस्ती सांडव्याची

पैसे आणि दिवस कमी असतील तर फक्त हे करा. गाभा, आवरण, पिचिंग सगळे उत्तम असले तरी माथ्यावरून पाणी वाहिले की मातीचा बांध टिकत नाही. पाणी माथ्यावर चढू न देणारी एकच गोष्ट तलावावर असते, ती म्हणजे सांडवा.

सांडव्यावर पोती किंवा फळ्या लावून पातळी वाढवणे किती महागात पडते ते आकड्यांत पाहा. २० मीटर लांबीच्या साध्या रुंद माथ्याच्या सांडव्यावरून एक मीटर खोलीने पाणी गेले तर सेकंदाला साधारण ३४ घनमीटर विसर्ग होतो. त्यावर ५० सेंटिमीटर उंचीची पोती रचली तर पाणी त्याच पातळीला असताना विसर्ग १२ घनमीटरवर येतो. वाट निम्मी अडवली आणि क्षमता जवळपास एक तृतीयांश राहिली. उरलेले पाणी तलावातच चढत जाते. पाणी जास्त हवे असेल तर गाळ काढून खोली वाढवा. सांडव्याची उंची हा गावाने ठरवायचा विषय नाही.

मासे वाहून जाऊ नयेत म्हणून लावलेली जाळी हाही तसाच प्रकार. पहिल्या पुरात जलपर्णी, काटक्या, बाटल्या जाळीला अडकतात आणि जाळीची भिंत होते. मासेमारीचा ठेका घेणाऱ्याशी आधी बोला, त्याचे नुकसान खरे असते. जाळी लावायचीच तर सांडव्यापासून बरीच आत, तलावात, पाण्याखाली राहील अशी लावता येते. सांडव्याच्या माथ्यावर कधीही नाही.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी सांडव्याकडे येणारी वाट मोकळी करा: बेशरम, घाणेरीची झुडपे, साचलेला गाळ. मग माथा: तडे, निखळलेले दगड, कुणी घातलेला मातीचा रस्ता. नंतर खालची नाली: पाणी सांडव्यावरून पडल्यावर बांधाच्या पायथ्याकडे वळत नाही ना, ते पाहा. कुणी शेतासाठी नाली बुजवली किंवा वळवली असेल तर ती पूर्ववत करावी लागेल, आणि हे काम फावड्याने कमी, बैठकीने जास्त होते. शेवटी नाली आणि भराव यांच्यामधली भिंत खालून खरवडली गेली आहे का ते तपासा.

पडताळणी: सांडव्याची मोकळी लांबी टेपाने मोजा. कागदावर २० मीटर आणि जागेवर १६ भरली तर उरलेले ४ मीटर कुठे गेले ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## ५. झाडे आणि बिळे

बांधावर झाडे लावू नका. वृक्षारोपणाचा उत्साह मी समजू शकतो, पण जागा चुकीची आहे. मुळे पाण्याच्या दिशेने खोल जातात. झाड मेले की कुजलेल्या मुळाच्या जागी नळी उरते. वादळात झाड उन्मळले तर मुळांसकट भरावाचा लचका जातो. भरावावर आणि पायथ्यापासून पाच मीटरपर्यंत फक्त गवत हवे. हरळी उत्तम, कारण ती आखूड राहते आणि माती घट्ट धरते. सावलीची झाडे त्याच्या पलीकडे लावा.

असलेल्या झाडांचे काय? मनगटाएवढ्या जाडीपर्यंतचे सुबाभूळ, वेडी बाभूळ मुळासकट काढा आणि खड्डा त्याच दिवशी थराथराने धुम्मस करून भरा. मोठे झाड मात्र घाईने तोडू नका. तोडले की मुळे कुजायला लागतात आणि धोका दोन-तीन वर्षांनी उगवतो, तेव्हा झाडाची आठवणही राहिलेली नसते. त्याचे खोड, मुळे आणि भराव यांचे काम एकत्र, तलाव रिकामा असताना, अभियंत्याच्या देखरेखीखाली व्हायला हवे. एप्रिलमध्ये जमत नसेल तर तोवर झाड तसेच राहू द्या.

बिळांत वरून दगड, काटे, राख टाकून तोंड बुजवणे ही दुसरी नेहमीची चूक. तोंड दिसेनासे होते, बोगदा तसाच राहतो. उथळ बीळ शेवटपर्यंत खोदून पाहा, खड्ड्याच्या बाजू तिरक्या करा आणि दाबत भरा. खोल असेल तर नऊ घमेली चाळलेली माती आणि एक घमेले सिमेंट यांचा सरसरीत काला करून पाइपातून हळूहळू ओता. दुसऱ्या दिवशी तो बसतो, पुन्हा ओता, वरचे फूटभर माती दाबून बंद करा. गाभ्यापर्यंत गेलेले किंवा ज्याचा शेवट सापडत नाही असे बीळ अभियंत्याला दाखवा. विष टाकू नका. ते पाणी गुरे पितात.

## ६. माती भरणे

खचलेला माथा, वाहून गेलेल्या घळी, उकरलेले खड्डे यांत ट्रॉलीने माती ओतून वरून ट्रॅक्टर फिरवला की काम झाले असे दिसते. पहिल्या पावसात ती माती बसते किंवा सरळ वाहून जाते, कारण तिचा जुन्या भरावाशी सांधाच झालेला नसतो.

अ) जुन्या भागावरचे गवत, मुळे, सैल माती काढा, घट्ट माती लागेपर्यंत.

आ) उतारावर काम असेल तर आधी पायऱ्या कापा. गुळगुळीत उतारावर टाकलेली माती घसरते.

इ) माती पारखा. बाहेरच्या आवरणासाठी मुरूम, गाभ्यासाठी चिकण माती. काळी माती आवरणात वापरली तर उन्हाने फाटते आणि पावसात फुगते. तलावातला गाळ भरावाला मुळीच नको. तो शेतात जाऊ द्या.

ई) ओलावा तपासा. मुठीत माती आवळा. लाडू झाला पाहिजे, आणि तो कमरेच्या उंचीवरून जमिनीवर टाकला तर दोन-चार तुकडे व्हावेत. भुगा झाला तर पाणी शिंपडा, चपटा झाला तर वाळू द्या.

उ) जुना पृष्ठभाग ओला करून टिकावाने खरवडा आणि १५ सेंटिमीटरच्या थरात माती पसरा. धुम्मस किंवा प्लेट कॉम्पॅक्टर फिरवा. टाच जोराने मारून ठसा उमटेनासा झाला की पुढचा थर.

ऊ) मूळ उंचीपेक्षा थोडे जास्त भरा, बसायला जागा हवी. माथ्याला तलावाकडे हलका उतार द्या, म्हणजे पावसाचे पाणी पिचिंगवर जाईल. खालच्या उघड्या उतारावर गेले तर घळी पडतील.

ए) वर हरळीचे ठोंब लावा, मेअखेर. एक-दोनदा पाणी घातले तरी पावसाळ्यापर्यंत धरतात.

खालच्या पायथ्यावर स्वच्छ पाण्याचा पाझर असलेल्या जागी माती टाकायची नाही. तिथे आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी आणि शेवटी दगड. क्रम उलटला तर वाळू दगडांच्या फटींतून निघून जाते आणि मागोमाग बांधाची मातीही जाते. त्यातून येणारे पाणी चराने दूर न्या, बादलीने मोजता येईल अशा ठिकाणी.

## ७. गाळ काढताना

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे अनेक तलावांत यंत्रे उतरली, आणि शेताला गाळ मिळणे चांगलेच आहे. दोन गोष्टी पाळा. बांधाच्या पाण्याकडच्या पायथ्याशी खोदू नका. तिथे बसलेला गाळ पायाखालून जाणारे पाणी अडवत असतो आणि पायथ्याला आधारही देतो. किती अंतर सोडायचे ती रेघ अभियंत्याकडून चुन्याने आखून घ्या. रेघ आखली जाईपर्यंत बांधाच्या उंचीच्या दहापट अंतर सोडलेले बरे. दुसरे, गाळ संपून मुरूम लागला की थांबा. साठवण तलावाचा तळ फोडला तर खोली वाढेल आणि पाणी राहणार नाही.

खड्डे उभ्या कडांचे सोडू नका, कडा तिरक्या करून घ्या. पाणी भरल्यावर हे खड्डे दिसत नाहीत. कमरेएवढ्या पाण्यात चालणारे मूल एका पावलात दोन पुरुष खोल जाते.

## ८. फिरणे, पोहणे, विसर्जन

घाट, बाके, खेळणी, सेल्फीची जागा, जे काही करायचे ते नैसर्गिक काठावर करा, भरावावर नको. भरावात पाया खोदला की आवरण फुटते. फिरायला माथा वापरायला हरकत नाही, पण दोन्ही टोकांना खांब रोवून गाड्या अडवा. चाकोऱ्यांत साचलेले पाणी भरावात मुरते. गुरांसाठी वेगळी उतरण काढून द्या, तीही नैसर्गिक काठावर, नाहीतर पोळ्याला बैल धुवायला नेताना पिचिंगचे दगड सरकणारच.

पोहण्यासाठी उताराचा, गाळ न काढलेला एक पट्टा काठीने मोजून निवडा, छातीएवढ्या खोलीवर दोरी आणि रिकामे कॅन बांधून हद्द करा. विमोचकाजवळ पोहणे पूर्ण बंद. झडप उघडी असली तर तोंडाशी पाणी ओढून घेते. सांडवा वाहत असताना त्यावरून चालणे, दुचाकी घालणे बंद. शेवाळलेला माथा आणि घोटाभर पाणी एवढेही पाय उचलायला पुरते. काठावर हवा भरलेली ट्यूब आणि २० मीटर दोर एका ठरलेल्या खांबावर टांगून ठेवा. बुडणाऱ्याकडे उडी मारण्याआधी दोर फेकायचा, हे शाळेत मुलांकडून करून घ्या.

विसर्जनासाठी काठाबाहेर हौद करा. हे पाणी नळाने किंवा विहिरीतून परत आपल्याच घरात येते.

## ९. पावसाळ्यातला पहारा

जूनच्या पहिल्या आठवड्यात विमोचकाची झडप पूर्ण उघडून बंद करून पाहा. गंजून अडकलेली झडप पुरात उघडत नाही. सांडव्याजवळ ५० रिकामी पोती, फावडी, वाळू-खडीचा ढीग, बॅटऱ्या ठेवा. पाळीच्या माणसांची नावे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. तलाव निम्मा भरला की आठवड्याला, सांडवा वाहू लागला की रोज, आणि अतिवृष्टीत दर दोन तासांनी फेरी, नेहमी दोघांनी मिळून. पहिल्यांदा पूर्ण भरतानाचे दिवस सर्वांत नाजूक, विशेषतः त्या उन्हाळ्यात दुरुस्ती झाली असेल तर.

खालीलपैकी काहीही दिसले तर आधी माणसे हलवा, मग बांधाकडे पाहा: गढूळ गळती किंवा अचानक वाढलेली गळती, तलावात भोवरा, माथा खचणे, उतार सरकणे, माथ्यापासून पाणी फूटभर खाली आणि अजून चढते आहे. खालच्या वस्तीला कसे कळवायचे ते आधी ठरलेले असावे, मंदिराचा भोंगा, मशिदीचा भोंगा, फोन, तिन्ही. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, तातडीचा ११२. बोलताना तलावाचे नाव, साखळीचा आकडा, पाण्याचा रंग आणि पातळी सांगा.

त्यानंतर, जीव धोक्यात न घालता करता येण्यासारखे:

- विमोचक पूर्ण उघडा, सांडव्यातला कचरा काठावरून बांबूने काढा. कुणीही प्रवाहात उतरायचे नाही.
- पायथ्याशी माती उकळून वर येत असेल तर तिच्याभोवती पोत्यांचे कडे करा आणि आत पाणी चढू द्या. माती येणे थांबले की उंची तेवढीच ठेवा आणि पाणी एका बाजूने जाऊ द्या. पूर्ण बंद करू नका.
- माथ्याच्या खचलेल्या जागेवर पोती रचा, पाणी ओलांडण्याआधी. ओलांडायला लागल्यावर बांधावर थांबू नका.
- उतार सरकत असेल तर वरून माती टाकू नका, वजनाने तो आणखी सरकतो. दगड टाकायचे ते पायथ्याशी.
- पाणी सोडण्यासाठी भराव फोडायचा नाही. छोटी चरी काही मिनिटांत खिंडार होते. असा निर्णय घ्यायचाच तर तो अभियंत्याने, खालची वस्ती रिकामी झाल्यावर.

पूर ओसरल्यावर दोन दिवसांत टप्पा २ ची पायथ्याची फेरी पुन्हा करा. सांडव्यावरून सर्वाधिक किती खोल पाणी गेले त्याची खूण काठावरच्या गवतावर, कचऱ्याच्या रेषेत, काही दिवसच राहते. ती पुसण्याआधी लेव्हलच्या पाइपाने मोजून वहीत लिहा आणि तिचा फोटो शाखा अभियंत्याला पाठवा.